अजून एक फेरो

सर्जेकोटच्या जेटीवर मोकळ्या हातांनी फिरू नये. हातात पिशवी असावी, छत्री असावी, निदान मोबाईल कानाला लावून कोणाशी तरी तावातावाने भांडत असल्याचं नाटक तरी करावं. नाहीतर एखाद्या बोटीच्या मागच्या अंगाला, फळीखालून हाक येते, "ओ पावणे, जरा हय येवा मा!" सुरात विनंती असते, पण नकाराला जागा नसते. जवळ जाऊन पाहावं तर बोलणाऱ्याचं तोंड दिसत नाही. दिसतात ते दोन पाय, गुडघ्यापर्यंत तेलकट झालेली खाकी हाफपँट, आणि बाजूला गोणपाटावर मांडलेला दहा नंबरचा पाना, पारदर्शक नळीचा तुकडा आणि कोकम सरबताची रिकामी बाटली. हे आमचे आबा मिस्त्री. स्टेअरिंगमधली एअर काढतायत, आणि चाक फिरवायला त्यांना माणूस हवा आहे.

एअर काढणं हे दोन माणसांचं काम, आणि त्यातला दुसरा माणूस नेमका तेव्हाच गायब असतो. खलाशी जाळी शिवायला गेलेले, तांडेल बर्फवाल्याशी हुज्जत घालायला गेलेला, मालक बँकेत. मग जेटीवरून जो जाईल त्याची नेमणूक होते. आजवर त्या चाकावर विमा एजंट बसलेत, पोस्टमन बसलेत, घरपट्टी वसूल करायला आलेले ग्रामपंचायतीचे कारकून बसलेत. (घरपट्टी आबांचीच थकली होती. फिरवून फिरवून बिचाऱ्याचे दंड भरून आले आणि पावतीपुस्तक पिशवीतून बाहेर काढायचं राहूनच गेलं.) पुण्याचं एक जोडपं किल्ल्याच्या होड्या शोधत चुकून मालवणऐवजी इकडे उतरलं, तर आबांनी नवऱ्याला चाकावर आणि बायकोला तेलाच्या बाटलीवर नेमलं. जाताना दोघांनी हौसेने फोटो काढला. त्या फोटोतही आबांचे पायच आलेत.

ज्यांचा बोटीशी संबंध किल्ल्यापर्यंत जाण्यापुरताच आला, त्यांच्यासाठी ही भानगड थोडी सोडवून सांगतो. पूर्वी चाकापासून सुकाणूपर्यंत साखळी असायची, नाहीतर केबल. अजूनही पुष्कळ बोटींत आहे. पण नव्या बोटींत चाकामागे एक छोटा पंप बसवलेला असतो. चाक फिरवलं की तो तेल ढकलतो. त्याच्यापासून दोन नळ्या मागे जातात, सुकाणूजवळच्या सिलिंडरच्या दोन टोकांना. एकीतून तेल जातं, दुसरीतून परत येतं, मधला दांडा सरकतो आणि सुकाणू वळतं. पास्कल नावाच्या फ्रेंच माणसाने सतराव्या शतकात सांगून ठेवलेलं तत्त्व: कोंडलेल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे तसाच पोचतो. अट एकच, आत द्रवच असला पाहिजे. तेल दबत नाही, हवा दबते. नळीत हवा शिरली की तुमचा जोर आधी तिला चेपण्यात खर्च होतो आणि उरलासुरला सुकाणूला मिळतो. चाक लिबलिबीत लागतं. टोकापर्यंत नेऊन हात सोडला तर आपणहून मागे येतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चार-पाच फेऱ्यांत जायचं, ते सात-आठ फेरे मागतं.

आबा पास्कलला ओळखत नाहीत. ते एवढंच म्हणतात, "तेल सांगलेला ऐकता. हवा ऐकणा नाय."

मोकळ्या दर्यात चाकाने थोडा आळस केला तरी खपून जातं. मालवणच्या किनाऱ्याची गोष्ट वेगळी. इथे खडक किती आणि कुठे, हे शाळेतली पोरंसुद्धा सांगतात. काही भरतीला दिसेनासे होतात आणि वर नुसतं पाणी फुटताना दिसतं. त्यांच्यामधून बोट काढायची तर हात वळला त्या क्षणी नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वळायला हवी. एक फेरा उशिरा वळून चालत नाही.

तर कामाची पद्धत. चाकाच्या पंपाला वर तेल भरायचं तोंड असतं. त्याला 22 नंबरच्या हायड्रॉलिक तेलाची बाटली उलटी लावायची आणि तिच्या बुडाला भोक पाडायचं, म्हणजे तेल सुरळीत उतरतं. आबा मागे जातात, फळी उचलतात, आडवे होतात, सिलिंडरच्या निपलला नळी लावतात, नळीचं दुसरं टोक सरबताच्या बाटलीत तेलात बुडवतात, आणि पान्याने निपल सैल करून ओरडतात, "फिरव!"

"कुठे?"

"डावीकडे!"

इथून पुढे महाभारत. बोटीची डावी बाजू कायमची ठरलेली असते, नाळेकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला येते ती. पण आबा पालथे, पाय जेटीकडे, डोकं सिलिंडरकडे. त्यांची डावी कुठली, हे त्यांनाही क्षणभर आठवावं लागतं. तेवढ्यात शेजारच्या बोटीचा खलाशी इंजिन सुरू करतो. मग "रव!", म्हणजे थांब, ऐकू येतं ते "फिरव!" असं, आणि खरोखरचं "फिरव!" अजिबातच ऐकू येत नाही. चाकावरचा माणूस घाबरून फिरवत राहतो. वर बाटली रिकामी होते. बाटली रिकामी झाली की पंप तेलाऐवजी वरून हवाच ओढतो, आणि तासाभराची मेहनत पहिल्या पायरीवर येऊन बसते. अशा वेळी फळीखालून जे मालवणी बाहेर पडतं ते इथे छापण्यासारखं नाही. पण माणूस जितका अनोळखी तितकी शिवी सौम्य, हा आबांचा शिष्टाचार मात्र मानायला हवा. पुण्याच्या नवऱ्याला ते फक्त "अरे देवा" म्हणाले होते.

सगळी मजा त्या नळीत. आधी नुसता फेस येतो, दुधासारखा पांढरट. मग फेस फुटून बुडबुडे सुटे होतात, साबुदाण्याएवढे. मग मोहरीएवढे. मग खसखशीएवढे. ही मापं आबांचीच, आणि बंदरावर ती आता इतकी रुळलीत की तांडेल लांबूनच विचारतो, "आबानू, खय पोचलात?" आणि फळीखालून उत्तर येतं, "मोहरीर." बहुतेक मेकॅनिक मोहरीवर निपल आवळतात, हात पुसतात आणि बिल सांगतात. भले असतील ते खसखस निघेपर्यंत थांबतात. आबांचं खरं काम खसखस संपल्यावर सुरू होतं. नळीतून सोनेरी, नितळ तेल चाललेलं असतं. तुम्हाला काही दिसत नाही, मालकाला काही दिसत नाही. आबा चष्मा कपाळावर सरकवतात, नळी उन्हात धरतात, एक डोळा मिटतात.

"रव. अजून आसा."

"कुठे आहे?"

"हय. ह्या बघ." बोट ठेवतात तिथे काचेसारखं तेल. "गेला फुडे. दिसला नाय तुका? अजून एक फेरो."

आबांच्या अंकगणितात एकानंतर पुन्हा एकच येतो. आजवर कोणी त्यांच्या तोंडून "अजून दोन फेरे" ऐकलेलं नाही. प्रत्येक फेरा हा शेवटचाच, आणि तो झाला की "अजून एक". हे एकदा कळलं की माणूस चिडायचा थांबतो आणि लांबवर सिंधुदुर्गाचा तट बघत निमूट चाक फिरवू लागतो. या चाकावर बसून दोघांची दारू सुटल्याचं मी ऐकलंय. खरं-खोटं आबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकी, जाणोत.

डावी बाजू झाली की उजवी. उजवी झाली की "आता डाव्याक परत बघूया, ढवळलेला असतला." मग नळ्यांवर पान्याच्या दांडीने ठोकत ठोकत चाकापर्यंत यायचं, कारण बुडबुडे नळीच्या कडेला चिकटून बसतात. मध्येच कुठे नळी उंच कमान करून नेलेली असली, की आबा कमरेवर हात ठेवून उभे राहतात. हवा वर चढते आणि त्या कमानीत जाऊन बसते, हे ज्याला कळत नाही त्याने नळ्या बसवू नयेत, असं त्यांचं स्वच्छ मत. "कोणी घातली ही?" ज्याने घातली तो बहुधा गोव्याचा असतो आणि त्या वेळी गोव्यातच असतो, म्हणून वाचतो. शेवटी परीक्षा. चाक टोकाला नेऊन दाबून धरायचं आणि आबांनी तेल भरायच्या तोंडात टॉर्च मारून पाहायचं. दाबल्यावर तेलाची पातळी खाली गेली, तर आत कुठेतरी हवा चेपली जातेय. जागची हलली नाही तर पास. पास झाल्यावरही आबांचा चेहरा पेपर सोपा काढल्याचा संशय आलेल्या मास्तरांचा असतो.

त्यांच्या खिशात एक आगपेटी असते. विडी कधीच सुटली, तरी आगपेटी आहे. तीत काड्यांऐवजी पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे बारके तुकडे. नळाला गुंडाळायची टेप कोणीतरी स्टेअरिंगच्या नळीच्या जोडाला गुंडाळली, तिचे धागे तेलातून आत गेले आणि पंपाच्या झडपेत अडकले. ते आबांनी चिमट्याने काढून जपून ठेवलेत. या जोडांना टेप चालत नाही, आट्यांना लावायचं पातळ सीलंट मिळतं, ते लावायचं असतं. नवा पोरगा कामाला लागला की त्याला आधी आगपेटीचं दर्शन. दुसरं दर्शन एका ऑइल सीलचं, कोणीतरी घाईत ब्रेक ऑइल ओतल्यामुळे फुगून वेडंवाकडं झालेलं. ते काकींच्या मसाल्याच्या जुन्या डब्यात आहे. आबांना फोटो दाखवायची आवड नाही. नातवंडांचे फोटो मोबाईलमध्ये आहेत, पण ते मागावे लागतात.

निघालेलं तेल ते पुन्हा ओतत नाहीत. त्यात हवा घुसळलेली असते. ते बाटल्यांत भरून फळीवर उभं करून ठेवतात, निवळायला. निवळल्यावरही बोटीत घालत नाहीत. मनात शंका. मग ते तेल जातं वाडीतल्या बिजागऱ्यांना. आमच्या वाडीत एकही दार कुरकुरत नाही. रात्री उशिरा घरी येणाऱ्यांची त्यामुळे मोठी सोय झालीय.

एवढ्यावर थांबले असते तर ते चांगले मेकॅनिक म्हणून राहिले असते. पण जगात जे जे अडतं ते एअरमुळे, असा आबांचा सिद्धांत आहे. डिझेल इंजिन सुरू होत नाही? एअर. तिथे ते बरोबर असतात, फिल्टर बदलल्यावर डिझेलच्या लाईनमध्ये हवा अडकतेच. घरचा नळ फुरफुरतो? एअर. तेही कबूल. पण ग्रामसभेत वाद मिटेना, तर एअर. भावाभावांची वाटणी अडली, तर एअर. एका पुतणीच्या लग्नाची बोलणी चालली होती. सगळं ठरलं, पेढ्यांचा पुडा सुटला, आणि कोपऱ्यातून आबा, "रवा. अजून एअर आसा." सगळ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कोणी उठून गेला असता. आबा मुलाच्या मामांकडे बघत होते. "तुमी कायतरी बोलाक जाताहास नि गिळताहास. बोला." मामांनी गिळलेलं बाहेर काढलं: वऱ्हाडाच्या बसचा खर्च. अर्धा तास वाद झाला, आवाज चढले, मिटलं. मग आबांनी पेढा घेतला. पेढा हातात धरून पुन्हा एकदा मामांना नीट न्याहाळलं, आणि मगच तोंडात टाकला.

हा माणूस तुमच्या घरीही असणार, दारात बोट नसली तरी. रिक्षात बसल्यावर कुलूप ओढून बघायला परत उतरणारे काका. निवडलेले तांदूळ सुपात घेऊन पुन्हा निवडायला बसणारी मावशी. बेरीज बरोबर आल्यावर खालून वर पुन्हा करणारे हेडक्लार्क. यांच्यामुळे गाड्या चुकतात, जेवणं गार होतात. आणि गंमत अशी, की घरात काही महत्त्वाचं ठेवायचं असलं तर ते आपण यांच्याचकडे देतो.

काकींबद्दल मात्र स्वतंत्र लिहायला हवं. अख्ख्या बंदरात चाक फिरवण्यात काकींचा हात धरणारं कोणी नाही. दुपारी भाकरी घेऊन येतात, डबा ठेवतात, पदर खोचतात आणि चाकावर बसतात. ओरडाओरड नाही. आबा आतून फळीवर पान्याने ठोकतात: एक ठोका डावीकडे, दोन उजवीकडे, तीन म्हणजे थांब. काकी सावकाश, एका चालीत फिरवतात. भरभर फिरवलं की तेल घुसळतं आणि नवा फेस होतो, हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. डोळा बाटलीवर, तोंडाने जेटीवरच्या बायकांशी गप्पा. पाहणाऱ्याला वाटावं, किती समजूत आहे दोघांत! घरात हीच दोन माणसं एकमेकांशी नातवंडांमार्फत बोलतात. "आज्याक सांग, वीजबिल भरूचा आसा." "आजयेक सांग, माका म्हायत आसा."

आबांना थांबवू शकणारं माणूसही त्याच. कितवा तरी "एक" फेरा झाला की काकी हात झटकून उठतात, "माका बांगडे तळूचे आसत. मी चललंय." फळीखाली शांतता. मग निपल आवळल्याचा आवाज. बंदरावरचे तांडेल म्हणूनच आबांना बोलवायच्या आधी काकींच्या घरी आज स्वयंपाक काय, याची चौकशी करतात.

मध्यंतरी आबा आजारी पडले. तालुक्याच्या ठिकाणी चार दिवस सलाईन. डॉक्टर काय म्हणाले, गोळ्या कुठल्या, यातलं त्यांनी काही ऐकलं नाही. लक्ष सगळं नर्सच्या हातांकडे. तिने बाटली टांगली, नळी हाताला जोडण्याआधी थोडं पाणी वाहू दिलं, नळीला बोटाने दोन टिचक्या मारल्या, उजेडाकडे धरून पाहिली. मी भेटायला गेलो तेव्हा आबांनी मला जवळ बोलावून कानात सांगितलं, "ह्या चेडवाक काम येता." कुठल्याही माणसाच्या कामाबद्दल त्यांच्या तोंडून असं वाक्य मी त्यापूर्वी ऐकलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती बाटली बदलायला आली तेव्हा मात्र ते पडल्या पडल्या म्हणालेच, "बाय, अजून एक टिचकी मार."

खरा कहर ऑगस्टमध्ये. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय न निघणारी माणसं आहेत, तशी 31 जुलैच्या रात्रीच डिझेल भरून बसलेलीही आहेत. पावसात दोन महिने बोट उभी राहिलेली, कुठल्यातरी सीलातून थेंब थेंब तेल गेलेलं आणि तितकीच हवा आत आलेली. सगळ्यांची चाकं एकाच आठवड्यात लिबलिबीत होतात, सगळ्यांना आबा आत्ताच्या आत्ता हवे असतात, आणि आबा पहिल्याच बोटीच्या फळीखाली खसखशीपाशी. जेटीवर तांडेल येरझारा घालतात. बर्फ वितळतोय. आबांचा दर बोटीला ठरलेला. तास लागला काय आणि दिवस गेला काय, पैसे तेच. त्यामुळे "बिल वाढवायला वेळ काढतोय" असाही आरोप करता येत नाही. ही गोष्ट तांडेलांना फार लागते.

एका वर्षी एक तांडेल खरंच वैतागला. आबांचं डोकं फळीखाली असतानाच त्याने दोरी सोडायला सांगितली. आबा कसेबसे बाहेर आले, जेटीवर उतरले आणि पाना हातात घेऊन उभे राहिले. "खसखस आसा रे आत!" असं ओरडलेही. बोट गेली. इथे वाचकांची अपेक्षा असणार की बोट खडकावर लागली. तसं काही झालं नाही. बोट व्यवस्थित गेली, सुरमई भरून व्यवस्थित परत आली, तांडेल खूश. खसखशीएवढ्या हवेने बहुतेक वेळा काही होत नाही, हे आबांनाही ठाऊक असावं. पण बोट जेटीला लागली तेव्हा आबा तिथे होते. हातात तोच पाना. सुरमईकडे ढुंकूनही न बघता म्हणाले, "आता काढूया?" तांडेलाने कपाळाला हात लावला आणि स्वतःच चाकावर जाऊन बसला. पुढच्या हंगामात त्याचा मुलगा पहिल्यांदा बोट घेऊन निघणार होता. तेव्हा त्याने आबांना चार दिवस आधी बोलावलं, स्वतः बाटली धरून उभा राहिला, आणि आबा "झाला" म्हणाल्यावर ऐकणाऱ्यांचा कानांवर विश्वास बसेना, पण तोच म्हणाला, "आबानू, अजून एक फेरो बघूया काय?"

गेल्या वर्षी एका बोटमालकाने मशीन आणलं. 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप. तो तेल स्वतः फिरवतो, हवा आपल्या टाकीत सोडून देतो, तेल गाळून परत पाठवतो. चाकावर बसून कोणी तासभर घाम गाळायला नको, डाव्या-उजव्याचा घोळ नको. दहा-पंधरा मिनिटांत काम. सोबत आलेला पोरगा चुणचुणीत होता, कानात इअरफोन घालूनच कामाला लागला. बंदरावर सगळ्यांना वाटलं, आबांच्या जिवाला लागणार. काकींनी त्या दिवशी मुद्दाम डबा लवकर आणला.

आबा पोराशेजारी उकिडवे बसले. काही बोलले नाहीत. मशीनची नळी पारदर्शक आहे हे पाहून त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं. फेस गेला, साबुदाणा गेला, मोहरी गेली. पोराने बटण बंद करून वर पाहिलं. आबांनी चाक टोकाला नेलं, दाबलं, टॉर्च मारला. तेल जागचं हललं नाही. "बरा आसा," ते म्हणाले. अगदी मनापासून. मशीनवरून हात फिरवला, पंप उचलून त्याचं वजन पाहिलं, किंमत विचारली, किंमत ऐकून खाली ठेवला. मग चष्मा कपाळावर सरकवला.

"ह्याचो एक फेरो धा मिनटांचो मा?"

"हो आबा. पटकन होतं."

"मगे लाव परत."

आता ते मशीन बंदरावर सगळ्यांच्या भाड्याचं झालंय. दहा मिनिटांचं काम आबा सहा वेळा करतात. बोटी पूर्वी सुटायच्या त्याच वेळेला सुटतात, फक्त बॅटरी तेवढी उतरते. परवा एक तांडेल जेटीवर कपाळ बडवत उभा होता. मी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "काय सांगू भाऊनू, आदी माणूस दमायचो तरी. ह्या मेला मशीन दमणा नाय!"